मसूरचा स्टेशनमास्तर आणि घरचा माठ : किशोरवयीन मुलांबरोबर गोष्टी वाचण्याची आणि स्वतःबद्दल लिहिण्याची रीत

आठवी-नववीच्या मुलांना मी पहिल्यांदा ‘सहिष्णुता’ या विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा तीस वह्यांमधून जवळजवळ एकच निबंध माझ्या टेबलावर आला. आपला देश विविधतेने नटलेला आहे, सर्व धर्म समान आहेत, आपण सर्वांनी एकोप्याने राहिले पाहिजे. गाइडमधली वाक्यं, गाइडमधल्याच क्रमाने. फक्त एका मुलीने वेगळं लिहिलं होतं : ‘आई म्हणते, मुलीच्या जातीने सहन करायला शिकावं. मला सहिष्णुता येते.’

ती वही माझ्यासमोर बराच वेळ उघडी पडून होती. चूक तिची नव्हतीच. आपल्या या शब्दातच ‘सहन’ दडलेलं आहे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याने सोसावं, असा त्याचा अर्थ मुलांपर्यंत पोचतो. मग प्रतिकूल परिस्थितीवर लिहायला सांगितलं की मुलं सोसण्याच्या गोष्टी लिहितात आणि शेवटी ‘पण मी हार मानली नाही’ हे वाक्य जोडतात. त्या गोष्टीत त्रास देणारा माणूस कुठेच नसतो. दुःख जणू पावसासारखं आभाळातून पडलेलं असतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं शनिवारी दुपारी मुलांचा गट घेत मी जी रीत बसवत आणली, ती इथे लिहिते आहे. शिक्षक, ग्रंथपाल, वस्तीवर अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते, किंवा घरात चार मुलं जमवू शकणारे आईबाप, कुणालाही ती वापरता येईल. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलं आपल्याला झालेला त्रास एक दिवस लिहितातच. आपण दुसऱ्याला दिलेला, किंवा समोर होत असताना नुसता पाहिलेला त्रास मात्र त्यांना हात धरून लिहायला शिकवावा लागतो. तिथवर पोचायचं तर क्रम पाळायला हवा : आधी दुसऱ्याची गोष्ट, मग वस्तूची, मग स्वतःची ठेच, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची चूक.

सुरू करण्याआधी

बारा ते पंधरा मुलं पुरेत. वीसच्या वर गेली की मागची मुलं गप्प बसायला शिकतात. आठवड्यातून एकदा दीड तास, असे सात आठवडे. बाकांच्या रांगा नकोत. सतरंजी घालून गोल बसा, तुम्हीही खालीच.

प्रत्येकाला दोन वह्या द्या, शंभर पानी साध्या. एक दाखवायची, एक न दाखवायची. न दाखवायची वही तुम्ही कधीही उघडायची नाही, मुलाने स्वतः पुढे केल्याशिवाय. हा नियम एकदा जरी मोडलात तरी ते मूल पुन्हा तुमच्यासमोर खरं लिहिणार नाही.

दुसरा नियम तुमच्यासाठी आहे. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलांना देऊ नका. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की अठरा वर्षांखालच्या मुलावर असा अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून पहिल्याच दिवशी मी मुलांना स्पष्ट सांगते : ‘तुम्ही इथे लिहिलेलं मी गावभर करणार नाही. पण कुणी तुमच्या अंगाला हात लावतंय, मारहाण करतंय, किंवा जीव नकोसा झालाय असं मला कळलं, तर मी गप्प बसणार नाही. पुढे काय करायचं ते तुम्हाला सांगूनच करेन.’ मुलांना हे समजतं. उलट अशा मोठ्या माणसावर त्यांचा विश्वास जास्त बसतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक दोन्ही वह्यांच्या पहिल्या पानावर मुलांच्याच हाताने लिहून घ्या.

पहिला आठवडा : मसूर स्टेशन

सुरुवात मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेल्या बालपणीच्या प्रवासाने करते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आत्मकथनातला हा पहिलाच प्रसंग. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात. मराठी अनुवादही मिळतात.

साल १९०१. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून सुट्टीत त्यांच्याकडे निघालेले. अंगात नवे सदरे, डोक्यावर चकचकीत टोप्या, पायात नवे जोडे. मसूरला उतरतात, तर न्यायला कुणीच नाही. पाठवलेलं पत्र वडिलांपर्यंत पोचलेलंच नव्हतं. त्यांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. ‘तुम्ही कोण?’ मुलगा क्षणाचाही विचार न करता सांगतो, आम्ही महार. स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो.

इथे वाचन थांबवा. पूर्ण थांबा. पुस्तक मिटून मांडीवर ठेवा आणि अर्धा मिनिट काही बोलू नका.

मग पुढे वाचा. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक गाडीवान तयार होतो, पण मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि तो शेजारून चालणार. टोलनाक्यावर मुलगा उर्दूत बोलून मुसलमान असल्याचं सांगतो, तरी पाणी मिळत नाही. सोबत भरपूर फराळ असून मुलं पाण्यावाचून उपाशी झोपतात.

वाचून झाल्यावर ‘यातून काय बोध मिळाला’ हे विचारू नका. बोध विचारला की मुलं परीक्षेच्या वर्गात परत जातात. मी एकच प्रश्न फळ्यावर लिहिते : या गोष्टीत कोणाकोणाला वेगळं वागता आलं असतं? मुलं यादी करतात. स्टेशनमास्तर, गाडीवान, नाकेदार. कुणीतरी पत्राची गोष्ट काढतं. मग वाद सुरू होतो, कारण स्टेशनमास्तर सरळ वाईट माणूस नाही. जात कळल्यावर तो मागे सरतो हे खरं, पण ‘तुम्ही गाडी हाकू शकाल का’ हे विचारून वाट काढणाराही तोच. तो चांगला की वाईट? या प्रश्नावर मुलांना भांडू द्या आणि निकाल देऊ नका. माणूस एकाच तासात मागेही सरतो आणि मदतही करतो, ही गोष्ट त्यांना पुढच्या सहा आठवड्यांत लागणार आहे.

एक काळजी. गटात त्या समाजाची मुलं असतील, तर त्यांच्याकडे वाचताना नजरही जाऊ देऊ नका. ‘तुमच्याकडे असं होतं का रे?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी त्या मुलाला सगळ्यांसमोर एकटं पाडतो. ती गोष्ट त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाची आहे, कारण त्या खोलीतल्या बहुतेकांचे पणजोबा मसूरच्या रस्त्यावर कुठल्या ना कुठल्या बाजूला उभे असणार.

दुसरा आठवडा : दुसऱ्याच्या तोंडून

आता लिहायचं. विषय असा द्या : ‘त्या रात्री स्टेशनमास्तर घरी गेला. जेवायला बसला. बायकोने विचारलं, आज उशीर का झाला? पुढे लिहा.’ एक पान, वीस मिनिटं, स्टेशनमास्तरच्याच तोंडून.

काही मुलं त्याला पश्चात्ताप करायला लावतात, ते चालेल. काही त्याच्याकडून समर्थन करवतात : मी नोकरीवाला माणूस, गावात राहायचंय, उद्या मला कोण विचारेल? हे लिहिणारं मूल निर्दय नसतं. घरात ऐकलेली भाषा त्याला ओळखता आलेली असते. एका मुलाच्या पानावर स्टेशनमास्तर बायकोला काहीच सांगत नाही. फक्त पाणी मागतो आणि दोन तांबे पिऊन झोपतो. त्या मुलाला मराठीत काठावर मार्क असायचे.

तिसरा आठवडा : वस्तूचं मनोगत

‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘नदीचे आत्मवृत्त’ हा प्रकार आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेला आहे. परीक्षेने तो रटाळ केला, पण आडोसा म्हणून तो फार चांगला आहे. माठ बोलतोय म्हटलं की मूल निर्धास्तपणे आपल्या घरातलं सांगतं.

उर्मिला पवारांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हे नाव दिलं. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं वगैरे जिन्नस. त्यांची आई ते विणायची, आणि आईच्या त्या विणीशी त्यांनी आपल्या लेखनाचं नातं सांगितलं आहे. मी मुलांना हे सांगते आणि विचारते, तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जिला सगळं माहीत आहे?

कोयता येतो, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला. शिलाई मशीन येतं. बाबांचा बंद पडलेला मोबाइल येतो. आणि दरवेळी, न सांगता, कुणाच्या तरी वहीत वेगळा ठेवलेला कप येतो. कामाला येणाऱ्या मावशींचा, मोरीजवळच्या कोनाड्यातला, कान तुटलेला. तो कप बोलायला लागला की वाचणाऱ्या मुलाचा आवाज आपोआप हळू होतो. तिथे तुम्ही काहीच बोलू नका.

आणि भाषा दुरुस्त करू नका. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी, दखनी, ज्या बोलीत आजी ओरडते त्या बोलीत ते वाक्य राहू द्या. शुद्धलेखनाचा तास वेगळा घ्या. ‘पानी’ला ‘पाणी’ केलंत की मूल उरलेलं पान गाइडच्या मराठीत लिहितं.

चौथा आणि पाचवा आठवडा : ठेच

आता स्वतःकडे वळायचं, पण आधी मुक्ता साळवेची ओळख करून द्या. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तो मिळवून थोडा मोठ्याने वाचा. भाषा जुनी आहे, पण मुलांना कळते. ती मुलगी दुःख सांगते आणि तिथेच थांबत नाही. आमचा धर्म कोणता, हे ती देवालाच विचारते. पेशवाईत काय घडत होतं ते नावं घेऊन सांगते. गटातल्या मुलांचं वय तिच्याएवढंच असतं. ‘ती आपल्या वर्गात असती तर नववीत असती’, असं एकदा एक मुलगी म्हणाली आणि सगळी गप्प झाली.

मग मी फळ्यावर तीन शब्द लिहिते : काटा, ठेच, जखम. काटा म्हणजे चिडचिड, दोन दिवसांत विसरलेली. ठेच म्हणजे लागलं, रक्त आलं, पण आता खपली धरली आहे. जखम म्हणजे अजून वाहते आहे. दाखवायच्या वहीत फक्त ठेच लिहायची. जखम न दाखवायच्या वहीसाठी, किंवा विश्वासाच्या माणसाजवळ बोलण्यासाठी. कोणती गोष्ट कशात बसते हे मुलाने ठरवायचं, तुम्ही नाही.

हे तीन शब्द मला एका चुकीतून सापडले. पहिल्या वर्षी मी मुलांना ‘आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग’ लिहायला सांगितला आणि लगेच वाचून दाखवायला लावला. एका मुलीने वडिलांच्या दारूबद्दल वाचलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या वाडीत पोचलं. तिसऱ्या शनिवारपासून ती आली नाही. तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली, पण ती परत आली नाही. ‘सर्वांत’ हा शब्द मी त्यानंतर कधी वापरला नाही. मुलांच्या दुःखाची आपसात स्पर्धा लावणारा तो शब्द आहे.

लिहिण्याला पंधरा मिनिटं द्या, त्याहून जास्त नको. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या कठीण अनुभवांबद्दल लिहायला दिलं होतं. लिहून झाल्याबरोबर त्यांना जास्त उदास वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र अनुभव आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना दवाखान्यात जावं लागण्याचं प्रमाण कमी झालं. यातला पहिला भाग आपण विसरतो. लिहून उठलेलं मूल त्या घडीला हलकं झालेलं नसतं, जड झालेलं असतं. म्हणून लेखन संपल्यावर लगेच सोडू नका. शेंगदाणे-गूळ वाटा, एखादं गाणं म्हणा, मिळून सतरंजीच्या घड्या घाला. निदान वीस मिनिटं. घरी जाताना प्रत्येकाशी एक साधं वाक्य बोला, लेखनाबद्दल सोडून कशाबद्दलही.

पाचव्या आठवड्यात तेच पान पुन्हा काढायचं आणि फक्त एका प्रश्नाचं उत्तर जोडायचं : तिथे आणखी कोण होतं, आणि ते काय करत होतं? ‘मला हसले’ याच्या जागी आता ‘पहिल्या बाकावरच्या दोघी हसल्या, सर फळा पुसत राहिले’ असं येतं. दुःख आभाळातून पडल्याचं चित्र इथे पुसायला लागतं.

सहावा आठवडा : तेव्हा मी काही बोललो नाही

इथवर घाईने आलात तर हा आठवडा वाया जातो.

आधी लक्ष्मीबाई टिळकांबद्दल सांगा. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालं. सोवळ्या-ओवळ्याच्या अतिरेकात वाढलेली ही बाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही कित्येक दिवस आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवत होती. मग विचार करता करता तिच्या मनातली जातच गळून पडली, स्वतः ख्रिस्ती होण्याआधीच. हे सगळं तिने स्वतःच्या हाताने, स्वतःला न वाचवता लिहिलं आहे. मसूरच्या गोष्टीत पाणी नाकारलं गेलेला मुलगा बोलतो. इथे पाणी वेगळं ठेवणारी बाई बोलते आणि आपण कशा बदललो तेही सांगते. मुलांना ही दुसरी बाजू सहसा कुणी दाखवत नाही.

नंतर तुमचं पान वाचा. हो, तुमचं. या आठवड्याला मोठ्या माणसाने आधी लिहिलेलं असलंच पाहिजे, नाहीतर मुलांकडून मागण्याचा आपल्याला हक्क नाही. माझं पान मी दरवर्षी तेच वाचते. मी पाचवीत असताना माझी मैत्रीण आजोळी आमच्याकडे आली होती. उन्हातून आलो होतो. आजीने मला पितळेच्या पेल्यात पाणी दिलं आणि तिला ओंजळ करायला सांगून वरून धार धरली. मैत्रीण पाणी प्यायली, परकराला हात पुसले, माझ्याकडे पाहिलं. मी पेला तोंडाला लावून उभी होते. मी पाणी पिऊन टाकलं.

एवढंच पान आहे. शेवटी समजावणी नाही.

मग मुलांना पहिलं वाक्य द्या : ‘तेव्हा मी काही बोललो नाही’ किंवा ‘तेव्हा मी काही बोलले नाही’. पुढचं त्यांनी लिहायचं. टोपणनावाने हाक मारलेला तोतरा मुलगा येतो, डब्यावरून नाक मुरडलेली मैत्रीण येते, ईदला बोलावूनही न गेलेलं घर येतं. मोठ्याने वाचण्याची सक्ती इथे अजिबात नको. पान दुमडून डब्यात टाकायलाही हरकत नाही.

अडेल तिथे काय करायचं

एखाद्या वहीत दुसऱ्या धर्माबद्दल, जातीबद्दल विखारी वाक्य येणारच. फाडू नका, भाषण देऊ नका. पानाच्या मधोमध रेघ मारा. एका बाजूला ‘पाहिलेलं’, दुसऱ्या बाजूला ‘ऐकलेलं’. मग मुलाबरोबर बसून त्याचं एकेक वाक्य योग्य बाजूला न्या. ‘हे तू कधी पाहिलंस? कुठे? कोण होतं तिथे?’ बरीच वाक्यं आपल्या पायांनी दुसऱ्या बाजूला जातात. आणि एखादं खरोखर पाहिलेलं निघालं तर ते मान्य करा. मुलाचा अनुभव खोटा पाडून त्याला उदार बनवता येत नाही.

मुलं हसली तर बहुतेक वेळा घाबरून हसतात. वाचन थांबवा, ‘हसू कशाचं आलं?’ हे रागाशिवाय विचारा.

पालक विचारायला येतात : ‘जुन्या जखमा कशाला उकरता?’ त्यांना मुलांच्या वह्या दाखवू नका. मसूरची गोष्ट वाचायला द्या. माझ्याकडे चहा घेत ती वाचून झालेल्या एका वडिलांनी काही न बोलता पुस्तक परत केलं. मुलाला त्यांनी काढून घेतलं नाही.

वहीत लाल पेन चालवू नका. समासात शिसपेन्सिलीने प्रश्न लिहा, तेही साधे : त्या दिवशी पाऊस होता का? कप कुठल्या रंगाचा? आजी काय म्हणाली, तिच्या शब्दांत? तपशील मागितला की मूल खरेपणाकडे सरकतं. ‘छान’ आणि ‘मन हेलावलं’ या शेऱ्यांनी ते पुढच्या वेळी मन हेलावण्यासाठी लिहायला लागतं.

सातवा आठवडा : हस्तलिखित आणि वह्या

साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत असत. गटाच्या शेवटी एकच प्रत असलेलं हस्तलिखित करायला ती परंपरा आपल्याला पुरेशी आहे. ज्याला वाटेल त्याने एक पान द्यावं. माणसांची आणि गावांची नावं बदला, घरच्यांचं पान असेल तर आधी घरी विचारायला सांगा. मोबाइलवर फोटो काढायला सक्त मनाई. व्हॉट्सॲपवर गेलेलं पान परत येत नाही.

दाखवायच्या वह्या मुलांनी घरी न्याव्यात. न दाखवायच्या वह्यांचं काय, हे प्रत्येकाला एकटं गाठून विचारा. काहीजण फाडून टाकतात, फाडू द्या. काहीजण नेतात. एक मुलगा वही छातीशी धरून थांबला होता. घरी एकच खोली आणि एकच पेटी, लपवायला जागा नाही म्हणाला. ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा मी त्याला रिकामा करून दिला आणि किल्लीही त्याच्याकडेच दिली. दहावीच्या निकालानंतर तो आला, वही काढून पिशवीत घातली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेला.